भीमा-नीरेच्या टापूतले रूळ: जोखीम कोणाची, व्याज कोणाचं?

नीरा आणि भीमा जिथे एकत्र येतात तिथे नरसिंहपूर आहे. पुणे जिल्हा आणि त्यातला इंदापूर तालुका या गावापाशी संपतात. नीरा ओलांडली की माळशिरस आणि भीमा ओलांडली की माढा, दोन्ही तालुके सोलापूर जिल्ह्यातले. विंचूरकर सरदारांनी बांधलेलं लक्ष्मी-नृसिंहाचं मंदिर आणि संगमावरचा घाट यांमुळे गावाचं नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत. रेल्वे मात्र इथे कधी आली नाही. ती आली दिक्साळला, दौंडला, कुर्डुवाडीला, बारामतीला आणि खाली पंढरपूरला. या पाच स्टेशनांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचला, तर इंग्रजी अमलात रेल्वे बांधण्याचे जेवढे मार्ग चोखाळले गेले ते सगळे या एवढ्याशा टापूत सापडतात. सरकारी हमीवर पोसलेली विलायती कंपनी, सरकारने स्वतः बांधलेली लाइन, हमी न घेता आलेली खासगी छोटी गाडी आणि मोठ्या लाइनीला येऊन मिळणारी शाखा. रेल्वे सरकारने बांधावी की कंपन्यांनी, हा वाद लंडन-कलकत्त्यात कागदांवर झडत होता. त्याचे परिणाम इथे दिसले.

सुरुवात करू ती करारापासून, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजे जीआयपी यांच्यात करार झाला. सुरुवातीचं भांडवल ५ लाख पौंड. ते लंडनमध्ये भागधारकांकडून उभं करायचं. रेल्वे चालो न चालो, त्यावर ५ टक्के व्याज हिंदुस्थानच्या तिजोरीतून मिळणार. जमीन फुकट. मुदत ९९ वर्षं. नफा पाच टक्क्यांच्या वर गेला तर त्यात कंपनी आणि सरकार वाटेकरी. तोटा झाला तर तो एकट्या सरकारचा. मुंबईत या कल्पनेमागे जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखी माणसं उभी होती, ती मनापासून उभी होती आणि त्यांचं श्रेय कमी करण्याचं कारण नाही. पण कराराच्या अटी त्यांनी लिहिल्या नव्हत्या.

गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांनी एप्रिल १८५३ मध्ये, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली त्याच महिन्यात, आपला प्रसिद्ध अभिप्राय लिहून पाठवला. त्यात त्यांचं मत स्वच्छ होतं. रेल्वे बांधणं हे सरकारचं काम नव्हे, ते कंपन्यांनी करावं आणि सरकारने देखरेख ठेवावी. यात एक मोठी गफलत होती. उद्योजक काटकसर करतो ती स्वतःचा पैसा बुडेल या धाकाने. ज्याला पाच टक्के ठरलेले आहेत त्याला तो धाक उरत नाही. नावाला हा उद्योग खासगी होता, धोका मात्र सगळा सार्वजनिक होता.

आणि ‘सार्वजनिक’ म्हणजे कोण, हे इंदापूरइतकं दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. रयतवारीची नवी मोजणी आणि साराबंदी मुंबई इलाख्यात प्रथम याच तालुक्यात झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूरच्या जमिनी मोजल्या, प्रती लावल्या, सारा ठरवला. पुढे हीच पद्धत साऱ्या दख्खनभर गेली. शेतसारा हा तिजोरीचा मुख्य आधार होता. लंडनच्या भागधारकाला सहामाही व्याज ज्या तिजोरीतून जायचं, ती अशा साऱ्यांवर भरत होती. भीमाकाठच्या ज्या शेतकऱ्याने आगगाडीची शिटीही ऐकली नव्हती, तो तिचा जामीनदार झाला होता.

जीआयपीचं सर्वांत अवघड काम बोरघाटाचं. जेम्स बर्कली हे मुख्य अभियंता. पावणेसोळा मैलांत १,८०० फुटांहून जास्त चढ, २५ बोगदे, ८ मोठे पूल. फॅव्हिएल या कंत्राटदाराने १८५६ मध्ये काम सुरू केलं. कंपनी कंत्राटदाराला पैसे देणार, कंत्राटदार पोटकंत्राटदाराला, पोटकंत्राटदार मुकादमाला आणि मुकादम मजुराला, अशी ती साखळी होती. जानेवारी १८५९ मध्ये तिचं शेवटचं टोक तुटलं. मजुरी थकली म्हणून घाटातल्या मजुरांनी दंगा केला. फॅव्हिएलने काम सोडलं. सॉलोमन ट्रेडवेल नवे कंत्राटदार म्हणून आले आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःच्या नावावर चालू ठेवलं आणि अभियंत्यांच्या मदतीने तडीस नेलं. १८६१ च्या जानेवारीत घाटात ४२ हजार माणसं राबत होती. पटकीने किती गेली याचा हिशेब कुणी नीट ठेवला नाही. मजुरीच्या तंट्यांसाठी सरकारने १८६० मध्ये कायदा केला, तो अशा दंग्यांमुळेच. कामाची आखणी इंग्रज अभियंत्यांची, पैसा इंग्रज भागधारकांचा, एवढंच आपण शाळेत शिकलो. घाट फोडणाऱ्या हातांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत, आणि ही उणीव मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी वाटते.

घाट पुरा होण्याआधीच वरची लाइन तयार झाली होती. जून १८५८ मध्ये खंडाळा-पुणे आणि १५ डिसेंबर १८५८ रोजी पुणे-दिक्साळ सुरू झाली. मधला घाट माणसं डोलीतून, तट्टावरून किंवा पायी चढत. पुढचे दहा महिने इंदापूर तालुक्यातलं दिक्साळ हे दख्खनच्या रुळांचं शेवटचं टोक होतं. मग भीमेवरचा पूल ओलांडून २३ ऑक्टोबर १८५९ रोजी गाडी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोचली आणि जून १८६० मध्ये सोलापूरला. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला आणि सोलापूरचा कापूस गाडी न बदलता मुंबईच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागला. त्याच वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. पैसा खेळला, सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. यादवी संपली, भाव कोसळले, रेल्वेच्या कामांवरची मजुरीही आटली. पण कर्जं तशीच राहिली. मे १८७५ मध्ये बारामतीजवळच्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. दंग्याच्या चौकशी आयोगाने ज्या कारणांचा माग काढला, त्यांत हा चढउतारही होता.

हमीच्या पद्धतीचा हिशेब तोवर बाहेर येऊ लागला होता. डलहौसींच्या काळी मैलामागे ८ हजार पौंडांचा अंदाज धरला होता. प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीहून अधिक झाला. एवढं करून काम पक्कं झालं म्हणावं, तर तेही नाही. जुलै १८६७ मध्ये बोरघाटातला ‘महू की मळी’चा पूल कोसळला आणि कंपनीला आपल्या इतर पुलांचं दगडकामही तपासावं लागलं. हिंदुस्थानचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. पाच टक्के ठरलेले असल्यावर आपला पैसा हुगळीत फेकला काय आणि विटा-चुन्यात घातला काय, इंग्लंडमधल्या भांडवलदाराला सारखंच, असा त्या साक्षीचा आशय होता. ही टीका कुणा विरोधकाची नव्हती. स्वतः तिजोरी सांभाळलेल्या माणसाची होती.

व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांनी त्याआधीच, १८६७ ते १८६९ च्या दरम्यान, हा मुद्दा लावून धरला होता. व्याज सरकारच देणार असेल तर कर्ज सरकारनेच काढावं आणि रेल्वेही सरकारनेच बांधावी. सरकारला कर्ज स्वस्तात मिळतं आणि नफा झाला तर तोही सरकारकडे राहतो. १८६९ मध्ये भारतमंत्री ड्यूक ऑफ आर्गाइल यांनी हे मान्य केलं. त्या धोरणाचं आपल्या टापूतलं फळ म्हणजे दौंड-मनमाड स्टेट रेल्वे. अहमदनगरमार्गे जाणारी सुमारे १४५ मैलांची ही लाइन सरकारने बांधली आणि १८७८ मध्ये सुरू केली. जीआयपीचे दोन फाटे, एक आग्नेयेकडे आणि एक ईशान्येकडे, कल्याणला येऊन मिळत होते; सरकारी लाइनीने ते घाटमाथ्यावरच जोडले. तिच्या मातीकामावर १८७६-७८ च्या दुष्काळातले उपाशी लोक राबले.

त्या दुष्काळाने हा वाद पुस्तकातून काढून भाकरीवर आणून ठेवला. रेल्वेने धान्य आणलं, जीवही वाचवले, हे मान्य केलंच पाहिजे. पण स्टेशनापासून गावापर्यंत धान्य न्यायला बैल लागतात, आणि चाऱ्यावाचून बैल मरत होते. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर, हिंदुस्थान सरकारने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इथवर खाली आली, तेव्हा हजारो लोक कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. याच दुष्काळात नीरेच्या डाव्या कालव्याचं काम निघालं. वीरला बंधारा, वर भाटघरला धरण, आणि पुरंदर, बारामती, इंदापूर अशा तीन तालुक्यांतून जाणारा सुमारे शंभर मैलांचा कालवा. १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं.

कालव्याकडे मी मुद्दाम वळलो. पाटबंधाऱ्यांतही कंपन्यांचा प्रयोग करून झाला होता. मद्रास इरिगेशन कंपनीला हमी देऊन कर्नूल-कडप्पा कालवा काढला, त्यात सरकारचे हात पोळले. ओरिसातली कंपनी तर सरकारने १८६८ मध्ये विकतच घेतली. म्हणून नीरेचा कालवा पहिल्यापासून सरकारी. सुरुवातीला त्यावर टीकाही झाली, कारण पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेत नसत आणि पाणीपट्टी जमत नसे. त्या काळी कुठल्याही कंपनीने पाचव्या वर्षी गाशा गुंडाळला असता. सरकारला ती मुभा नव्हती, आणि ते इंदापूर-बारामतीच्या पथ्यावर पडलं. हळूहळू ऊस आला, गुऱ्हाळं आली. मग १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अडीच फुटी रुळांची, २७ मैलांची शाखा धावू लागली. अशा शाखा कंपन्यांसाठी सरकारने त्या काळात खास अटी आखल्या होत्या; मोठ्या लाइनीच्या वाढलेल्या मिळकतीत वाटा किंवा ठरावीक व्याजाची हमी. बारामतीच्या गाडीला जो माल मिळाला तो नीरेच्या पाण्याने पिकवलेला होता. सरकारने तीस वर्षं कळ काढली नसती, तर त्या गाडीत भरायला गूळ नसता.

कुर्डुवाडीची गोष्ट निराळी, आणि न्यायाने ती सांगायला हवी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे जीआयपीचे लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर. बार्शीच्या कापसाच्या पेठेला मोठी लाइन चुकवून गेली, हे त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. त्यांनी हिशेब मांडला की साडेपाच फुटी रुळांचा थाट प्रत्येक गावाला परवडणार नाही. अडीच फुटी रूळ घ्यावेत, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ देऊ नये, इंजिनापासून मालडब्यापर्यंत सगळं त्या मापात बसवावं, म्हणजे हलके रूळही भरपूर माल पेलतात. १८९४ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे त्यांनी आपले डबे चालवून दाखवले. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही २१ मैलांची गाडी सुरू झाली. व्याजाची हमी नाही. पैसा बुडाला तर आपला बुडणार, हे भागधारकांना माहीत होतं, आणि म्हणूनच एकेका रुळाचं वजन मोजून काम झालं. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. नरसिंहपूरचं दर्शन घेऊन भीमेच्या काठाने पंढरीला चालत जाणाऱ्यांच्या वाटेच्या शेवटी ही छोटी गाडी उभी राहिली. यात्रेच्या दिवसांत माणसं मालडब्यांत कोंबली जात, ही तक्रार त्या काळी देशभर होती. तिसऱ्या वर्गाच्या उतारूला कंपनीने सुख दिलं नाही आणि सरकारनेही दिलं नाही.

याच बार्शी लाइटच्या कंत्राटांतून सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी धंद्याला सुरुवात केली. भागीदार लक्ष्मणराव फाटक, पूर्वी रेल्वेत कारकून असलेले. रेल्वेची कामं करत करत ही जोडी मोठी झाली. १९१९ मध्ये वालचंद सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनमध्ये शिरले आणि विलायती आगबोट कंपन्यांशी भिडले. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचं आवार उभारलं. नीरेच्या कालव्यावर, इंदापूर तालुक्यातच, त्यांच्या नावाचं वालचंदनगर वसलं आणि तिथे साखर कारखाना उभा राहिला. कंपनीने बांधलेली गाडी, सरकारने काढलेला कालवा आणि देशी भांडवल, या तिघांची गाठ अशी नरसिंहपूरच्या शेजारी पडली.

बंदरांतही हाच खेळ झाला. मुंबईत मोदी बेच्या बाजूला एल्फिन्स्टन कंपनीने समुद्र हटवून धक्के केले. मालाच्या चढउतारावर एका कंपनीची मक्तेदारी होईल या धास्तीने सरकारने १८७० मध्ये ती विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट नेमला. सरकारचं मन वळेना तेव्हा ससून कुटुंबाने १८७५ मध्ये स्वतःच्या पैशाने गोदी बांधून दाखवली. चार वर्षांत तीही ट्रस्टने घेतली. प्रिन्सेस डॉक १८८० चा. गोव्यात मुरगावचं बंदर आणि घाटाची रेल्वे दोन्ही एका इंग्लिश कंपनीने पोर्तुगीज सरकारच्या हमीवर बांधली. अपेक्षेएवढा माल आला नाही आणि हमीचा बोजा लिस्बनवर वर्षानुवर्षं राहिला. सरकारी हातही काही परिसाचे नव्हते. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या खात्याने बॅकबेचा समुद्र भरायला घेतला, तेव्हा उधळपट्टी इतकी झाली की के. एफ. नरिमन यांनी तिचा जाहीर पंचनामा केला.

म्हणून सरकारी ते चांगलं आणि खासगी ते वाईट, असा सोपा निवाडा मी देणार नाही. बार्शी लाइट आणि ससून गोदी खासगी होत्या, नीरा कालवा आणि दौंड-मनमाड सरकारी. चारही कामं टिकली, उपयोगी पडली. कारण चारही ठिकाणी खर्च करणारा आणि तोटा सोसणारा एकच होता. जीआयपी आणि मुरगाव इथे खर्च एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा. बॅकबेला बांधणारं खातं लोकांना जाब देत नव्हतं. मालकीच्या पाटीपेक्षा मला ही विभागणी जास्त खरी वाटते.

पुण्याच्या विचारवंतांनी हे वेळीच ओळखलं होतं. गणेश व्यंकटेश जोशी यांनी १८८४ मध्ये सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रेल्वेविस्ताराच्या आर्थिक परिणामांवर लिहिलं. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वेल्बी आयोगापुढे आणि नंतर केंद्रीय कायदेमंडळात पुन्हा पुन्हा विचारलं की रुळांवर इतका पैसा आणि पाण्यावर इतका कमी का. रमेशचंद्र दत्त यांनी १९०० पर्यंतचा रेल्वेचा तोटा सुमारे ४ कोटी पौंड असा मांडला. नीरेच्या कालव्याने बारामतीत काय केलं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला गोखल्यांचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

१९२०-२१ मध्ये सर विल्यम ॲक्वर्थ यांची समिती बसली. लंडनहून चालणाऱ्या कंपन्या ठेवाव्यात की रेल्वे सरकारने चालवावी, यावर दहा सभासद पाच-पाच असे विभागले. अध्यक्ष ॲक्वर्थ सरकारी कारभाराच्या बाजूने राहिले. १९२५ च्या मध्यावर जीआयपीचा कारभार सरकारकडे आला. बार्शी लाइट कंपनी १ जानेवारी १९५४ रोजी सरकारजमा झाली. उजनी धरणाच्या पाण्यामुळे मुख्य लाइन दिक्साळपासून हलवावी लागली आणि भीमेवरचा जुना रेल्वेपूल गाड्या-मोटारींचा रस्ता झाला.

एक हिशेब सांगायचा राहिला. जीआयपीची मालमत्ता सरकारने १९०० सालीच खरेदी केली होती. चालवायला मात्र ती पुढची २५ वर्षं त्याच कंपनीकडे ठेवली. किंमत रोखीने न देता वार्षिक हप्त्यांनी द्यायची ठरली, आणि हप्त्यांची मुदत मूळ कराराची ९९ वर्षं भरेपर्यंतची, म्हणजे १७ ऑगस्ट १९४८ पर्यंतची होती. स्वातंत्र्य मिळून तेव्हा एक वर्ष आणि दोन दिवस झाले होते.